तारेचा कठडा



घर बांधणारा माणूस पायाचा विचार करतो, छपराचा करतो. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेस असावी कीं उत्तरेस ह्यावर घरांत चार दिवस वाद चालतो. कठड्याचा विचार मात्र बहुधा अगदीं शेवटीं येतो. हातांतले पैसे संपत आलेले असतात, रंगारी दारांत येऊन उभा असतो, आणि मिस्त्री विचारतो, "साहेब, कठडा कसला लावायचा?" मग शेजाऱ्याकडे पाहिलेला, नाहीं तर एखाद्या चित्रांत डोळ्यांत भरलेला कठडा सांगून मालक मोकळा होतो.

आजचा विषय अशाच एका डोळ्यांत भरणाऱ्या कठड्याचा आहे. उभे खांब, वर एक दांडा, आणि खांबांच्या भोकांतून आडव्या ओढून घेतलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा, एवढाच त्याचा पसारा. दुरून पाहिलें तर तारा जवळजवळ दिसतच नाहींत. समोरचा समुद्र, शेत, डोंगर जसाच्या तसा दिसतो. शहरांतील नव्या घरांत आणि कोंकणपट्टीवर सुट्टीसाठीं म्हणून बांधलेल्या बंगल्यांत हा प्रकार आतां पुष्कळ दिसूं लागला आहे. मला तो आवडतो, हें आधींच सांगून टाकतों. नाहीं तर पुढचें बोलणें ऐकून, एका जुन्या इंजिनिअराला नवें कांहीं खपत नाहीं, असा आपला ग्रह व्हावयाचा.

आपल्या जुन्या वाड्यांच्या सज्जांना सागवानी कठडे असत. गिरगांवांतल्या चाळींच्या लांबच लांब गॅलऱ्यांना लाकडी गज असत, आणि मुंबईंतल्या कांहीं श्रीमंत घरांना वेलबुट्टीचे ओतीव बिडाचे. त्यांवर रेलून दोन दोन पिढ्यांनीं गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या. हे कठडे जड होते, धूळ धरणारे होते. परंतु त्यांचा एक मोठा गुण आपण विसरतों. ते मोडावयाच्या आधीं बोलत. लाकूड कुजूं लागलें कीं करकरे, गज सैल झाला कीं हातांत हले, आणि घरांतलें कोणी तरी म्हणे, "तिथें टेकूं नको रे." तारेचा कठडा बोलत नाहीं. तो ज्या दिवशीं बसविला त्या दिवशीं जसा दिसतो, तसाच तो नादुरुस्त झाल्यावरहि पुष्कळ दिवस दिसत राहतो. म्हणून तो निवडतांनाच चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

त्या मला कशा समजल्या तें सांगतों. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, आणि तिचे यजमान, निवृत्तीनंतर अलिबागच्या बाजूला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लहानसें घर बांधून राहिलीं. वैशाखांत घर पुरें झालें, आणि दिवाळींत मी तेथें प्रथम गेलों. वरच्या मजल्यावर समुद्राकडे तोंड करून प्रशस्त गॅलरी, आणि तिला हा तारेचा कठडा. खालीं अंगणांत काळ्या दगडाची फरसबंदी; गॅलरीपासून तिचें अंतर बारा फूट भरेल.

"भाऊजी, कठडा छान दिसतो," मीं म्हटलें.

"अहो, कठडा दिसत नाहीं हेंच तर छान आहे!" भाऊजी म्हणाले. "खुर्चींत बसल्या बसल्या सारा समुद्र."

संध्याकाळीं मी त्याच खुर्चींत बसलों असतांना अक्काचा चार वर्षांचा नातू धांवत आला, आणि काय होतें आहे तें माझ्या लक्षांत येण्यापूर्वींच पहिल्या तारेवर एक पाय, तिसरीवर दुसरा, असा शिडी चढावी तसा चढून, वरच्या दांड्यावर पोट टेकून खालच्या मांजराला हांका मारूं लागला. मीं त्याला उचलून खालीं ठेवला. मग तो बसला आणि दोन तारांच्या मधून डोकें बाहेर काढून पाहूं लागला. तारा बाजूला सरल्या आणि डोकें कानांपर्यंत बाहेर गेलें.

अक्का दारांत उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. त्या रात्रीं तिनें गॅलरीच्या दाराला आंतून कडी घातली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी कठडा तपासावयास बसलों.

पहिली गोष्ट नजरेस आली ती डागांची. कांहीं तारांवर आणि खांबांच्या बुडाशीं चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी डाग पडले होते. भाऊजींना ती आपली फसवणूक वाटली. "स्टेनलेस म्हणून पैसे दिले, आणि सहा महिन्यांत गंज!" आतां ह्यांत ठेकेदाराची चूक होतीच, पण निम्मी चूक त्या नांवाची आहे. स्टेनलेस म्हणजे निष्कलंक, हें फारच उदार नांव आहे.

ह्या धातूची जन्मकथा थोडक्यांत अशी. १९१२ सालीं जर्मनींत एसेन येथें क्रुपच्या कारखान्यांतील श्ट्राउस आणि माउरर ह्या दोघांच्या कामावरून क्रोमियम आणि निकेल मिसळलेल्या पोलादाचे हक्क नोंदविले गेले. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून नव्या पोलादाच्या शोधांत असतांना, त्याला सुमारें १३ टक्के क्रोमियमचें न गंजणारें पोलाद हातीं लागलें. बंदुका बाजूला राहिल्या आणि शेफील्डच्या सुऱ्याकाट्यांना तें लागलें. पुढें आपल्या स्वयंपाकघरांतून कल्हईवाल्याला त्यानें जवळजवळ हद्दपार केलें, तें सर्वांस ठाऊकच आहे.

न गंजण्याचें रहस्य धातूच्या पोटांत नसून त्याच्या त्वचेंत आहे. पोलादांत क्रोमियमचें प्रमाण साडेदहा टक्क्यांवर गेलें कीं हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा बनतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनहि कमी. ओरखडा पडला तर तो पापुद्रा आपला आपण पुन्हां धरतो. मात्र त्याचा एक हाडवैरी आहे, आणि तो म्हणजे मीठ. मिठांतील क्लोराइड त्या पापुद्र्याला बारीक बारीक छिद्रें पाडतें. हें शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतें. पण मीठ आणि लोणचें चिनी मातीच्या बरणींत ठेवावें, धातूच्या भांड्यांत नव्हे, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. ओलसर मीठ स्टीलच्या डब्यांत चार महिने ठेवून पाहा. डब्याच्या तळाला सुईनें टोंचल्यासारखे ठिपके दिसूं लागतात. समुद्रकांठचें घर म्हणजे असा एक उघडा मिठाचा डबाच आहे. ऑस्ट्रेलियांतील जाणत्या लोकांचा अनुभव असा कीं, लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यापासून पांच किलोमीटरपर्यंत हे चहाचे डाग हमखास पडतात. डागांना हें चहाचें नांवहि त्यांनींच दिलेलें.

ह्यावरचा उपाय धातूच्याच कुळांत आहे. स्टेनलेस स्टीलचे प्रकार आंकड्यांनीं ओळखले जातात. त्यांतील ३०४ हा सर्वांत प्रसिद्ध. त्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतें. ३१६ ह्या प्रकारांत निकेल थोडें अधिक असून शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलें असतें, आणि मिठाच्या माऱ्याला तोंड देण्याचें काम मुख्यतः हें मॉलिब्डेनम करतें. पुणें, नाशिक, नागपूर अशा समुद्रापासून दूरच्या गांवीं ३०४ च्या तारा चांगल्या टिकतात. तेथें ३१६ साठीं जादा पैसे घालणें मला उधळपट्टी वाटते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवें येथें मात्र ३१६ खेरीज दुसरें कांहीं घेऊं नये. आणि नुसत्या ताराच नव्हे, तर खांब, टोकाचे सांधे, बारीकसारीक मळसूत्रेंसुद्धां त्याच जातीचीं घ्यावींत. अक्काकडे तारा ३०४ च्या होत्या. खांब त्याहूनहि हलक्या जातीचे निघाले.

ही हलकी जात म्हणजे २०२. हिच्यांत महाग निकेल कमी करून त्याच्या जागीं मँगनीज भरलेलें असतें. आपल्या बाजारांत ती पुष्कळ खपते, आणि दुकानांत तिघांचीहि चमक सारखीच असते. लोहचुंबक लावून पाहण्याची एक युक्ति सर्वत्र सांगितली जाते. तिच्यावर विसंबूं नये. २०२ लाहि चुंबक चिकटत नाहीं, आणि उलट चांगल्या ३०४ ची तार ओढून बारीक करतांना तिच्यांत किंचित् चुंबकत्व येतें, म्हणजे खोटें खरें ठरावें आणि खरें खोटें! खरी खूण कागदावर असते. माल ज्या कारखान्यांत वितळला त्याचें पृथक्करणाचें प्रमाणपत्र मागावें, त्यांत मॉलिब्डेनमचा आंकडा पाहावा, आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक मालावरच्या क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं तें पाहावें. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरूं द्यावें.

डागांची आणखी एक गंमत मला अक्काच्या घरीं दिसली. गॅलरीच्या ज्या टोकावर पावसाचा थेट मारा होता तेथील तारा स्वच्छ होत्या, आणि डाग होते ते वळचणीखालीं, जेथें थेंबहि पडत नाहीं तेथें. भाऊजींना हें उलटें वाटलें. वास्तविक पाऊस हा येथें धुणारा आहे. वाऱ्यानें आलेलें मीठ तो वाहून नेतो. वळचणीखालीं तें सांचत जातें, हवेंतला दमटपणा शोषून ओलें राहतें आणि आपलें काम करीत बसतें. तेव्हां छपराखालच्या कठड्याची निगा उघड्यावरच्यापेक्षां अधिक ठेवावी लागते.

खांबांच्या बुडाशीं डाग अधिक कां, ह्याचें उत्तर अक्कानें दिलें. घर ताब्यांत देण्यापूर्वीं गवंड्यांनीं फरशीवरचा सिमेंट काढावयास फरशी अॅसिडनें धुतली होती. हें अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याचे शिंतोडेच काय, नुसती वाफसुद्धां स्टेनलेस स्टीलचा पापुद्रा खाऊन टाकते. त्यांतच कोणी तरी कठड्याशेजारीं बसून साध्या लोखंडाचे गज यंत्रानें कापले होते. त्याच्या ठिणग्या तारांवर उडाल्या आणि प्रत्येक ठिणगीचा एक गंजका ठिपका झाला. म्हणून कठडा सर्वांत शेवटीं बसवावा, आणि तो बसल्यावर त्या मजल्यावर अॅसिड आणि लोखंड कापणें दोन्ही बंद.

डाग हें झालें रूपाचें दुःख. ज्या गोष्टीनें मुलाचें डोकें बाहेर गेलें ती निराळी. ती म्हणजे ताण.

तारांचा दोर ही खाणींतली विद्या आहे. जर्मनींतील हार्ट्‌स पर्वतांत क्लाउस्टाल येथें विल्हेल्म आल्बेर्ट ह्यांनीं १८३४ सालीं खाणींतून माल वर ओढण्यासाठीं लोखंडी तारांचा पहिला उपयुक्त दोर वळून घेतला. तत्पूर्वीं तागाचे दोर आणि सांखळ्या वापरीत, आणि सांखळीची एक कडी तुटली कीं सारें खालीं जाई. कठड्यासाठीं जी तार घ्यावयाची ती एकाच पेडांत १९ बारीक तारा वळलेली असावी. ती ताठ असते आणि कमी ताणते. सात पेडांची, दर पेडांत सात किंवा एकोणीस तारा असलेली, लवचिक तारहि बाजारांत मिळते. कप्पीवरून ओढावयास ती उत्तम, कठड्यास नव्हे, कारण ती सैल पडते. चार मिलिमीटर जाडीची १९ तारांची तार हजार किलोंहून अधिक ओढ सोसते, तेव्हां तार तुटेल ही भीति जवळजवळ नसतेच. तार तुटत नाहीं, तार सरते.

आपल्या घरांतील लहान मुलाचें डोकें बाहेर जाऊं नये म्हणून कठड्याची फट किती असावी, ह्याचा विचार अनेक देशांच्या इमारत-नियमांत झालेला आहे. १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच व्यासाचा चेंडू फटींतून जातां कामा नये, असा इंग्लंडांतील नियम आहे, आणि अमेरिकेंतहि चार इंचांचेंच माप धरतात. आतां लोखंडी गज चार इंचांवर बसविला तर तो चार इंचांवरच राहतो. तार मात्र दाबली कीं बाजूला होते. म्हणून चार इंचांच्या हिशेबानें तारा चार इंचांवर लावणें ही पहिली चूक. त्या तीन इंचांवर लावाव्या लागतात, आणि दोन खांबांमधलें अंतर तीन ते चार फुटांहून अधिक ठेवूं नये. खांब दूर हवेच असतील तर मध्यें तारांना नुसतें जागेवर धरणारी एक पातळ उभी पट्टी तरी हवी. अक्काकडे खांब सहा सहा फुटांवर होते. समुद्र अधिक मोकळा दिसावा म्हणून!

ह्याची परीक्षा घरच्या घरीं होते. अक्काच्या कोठींत सोललेले नारळ होते. त्यांतला सुमारें चार इंच व्यासाचा, फूटपट्टीनें मापून, एक नारळ मीं निवडला आणि दोन खांबांच्या मधोमध दोन तारांमध्यें धरून हातानें दाबला. फारसा जोर न लावतां तो पलीकडे गेला आणि खालच्या फरसबंदीवर फुटला. भाऊजी त्या आवाजानें खुर्चींतून उठले. त्यानंतर त्यांच्याशीं मला वाद घालावा लागला नाहीं.

मग तारा अधिक ओढून घेतल्या तर? हाच तर ठेकेदाराचा उपाय होता. त्याला बोलावलें तेव्हां त्यानें पान्यानें टर्नबकल फिरवून तारा ओढल्या, आणि आमच्या देखत टोकाचे खांब आंत झुकले. येथें थोडें गणित केलेंच पाहिजे. कठडा एक मीटर उंचीचा धरला आणि तारा तीन इंचांवर लावल्या, तर सुमारें बारा तारा होतात. प्रत्येकीला शंभर किलोंचा ताण दिला, आणि तेवढा तरी द्यावाच लागतो, तर टोकाच्या खांबावर बाराशें किलोंची ओढ पडते. बारा क्विंटल! तांदुळाचीं बारा मोठीं पोतीं एका दोरीला बांधून खांबावरून लोंबत सोडलीं आहेत, असें समजा. आणि तीं रात्रंदिवस, उन्हापावसांत, वर्षानुवर्षें लोंबत राहावयाचीं आहेत. मधल्या खांबांतून तार नुसती आरपार जाते, त्यांच्यावर ही ओढ नसते. तिचा सारा भार दोन टोकांवर आणि कोपऱ्यांवर येतो. म्हणून टोकाचे आणि कोपऱ्याचे खांब मधल्यांपेक्षां दणकट असावेत, आणि वरचा दांडा अखंड व मजबूत असावा, कारण दोन्ही टोकें आंत येऊं न देतां तोच त्यांना आडसरासारखा दूर धरून ठेवतो. तारेच्या कठड्यांत तारा स्वस्त आणि खांब महाग, असा हिशेब बसला पाहिजे. जेथें उलटा बसलेला दिसेल तेथें कठडा विकत घेऊं नये.

खांब कशांत रोवला आहे, हाहि प्रश्न आहेच. कोंकणांत जांभ्या दगडाचीं घरें. जांभा भिंतीला सुरेख, पण त्यांत भोंक पाडून बोल्ट ठोकला तर ओढीनें तो पोखरून बाहेर येतो. त्यावर सळयांसह काँक्रीटचा पट्टा ओतून त्यांत खांब धरावा. सागवानी खांब घेणाऱ्यांनीं तार जेथें लांकडांत शिरते तेथें धातूची बारीक नळी बसवावी, नाहीं तर ताणलेली तार लांकूड कापत जाते. साध्या लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या खांबांतून स्टेनलेस तार न्यावयाची तर मध्यें नायलॉनची बुचें हवींत. दोन निराळे धातू खाऱ्या ओलाव्यांत एकमेकांस लागले कीं त्यांतला दुबळा लवकर खलास होतो.

तारा ओढण्याचाहि क्रम आहे. मधल्या तारेपासून आरंभ करून एक वर, एक खालीं, असें कडेपर्यंत जावें. वरून खालीं सरळ ओढीत गेलें तर शेवटची तार ओढीपर्यंत पहिली सैल झालेली असते. महिन्याभरानें पुन्हां एकदां सर्व तारा तपासून ओढून घ्याव्या. नवी तार थोडी बसते. ठेकेदाराशीं करार करतांनाच ह्या दुसऱ्या फेरीचा उल्लेख करून घ्यावा, कारण पैसे मिळाल्यावर तो येत नसतो.

आतां राहिला तो शिडीचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. डागांवर ३१६ आहे, सैलपणावर खांब आहेत. पण आडव्या तारा ह्या चार वर्षांच्या मुलाला शिडीच दिसणार, त्यावर धातूचा उपाय नाहीं. इंग्लंडचे नियम तर, जेथें पांच वर्षांखालील मुलांचा वावर असेल तेथें मुलाला सहज चढतां येईल असा कठडा नसावा, म्हणून स्पष्ट सांगतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेंत गच्ची व गॅलरीच्या कठड्याची उंची एक मीटरपेक्षां कमी नसावी, असें आहे. स्थानिक नगरपालिकेचा आंकडा त्याहून अधिक असेल तर तो पाळावा. परंतु उंची कितीहि ठेवली तरी शिडी लावून दिल्यावर उंचीला अर्थ उरत नाहीं. कांहीं लोक म्हणतात, मुलांना वळण लावावें. मुलांना वळण अवश्य लावावें. मात्र बारा फुटांवरच्या गॅलरींत तें लागेपर्यंतची मुदत कोण देणार?

उभ्या तारांचा एक प्रकार आहे. त्यावर चढतां येत नाहीं. पण उभ्या तारांची सारी ओढ वरच्या दांड्यावर येते, आणि दांडा हलका असला तर तो धनुष्यासारखा खालीं वांकतो व मधल्या तारा सैल पडतात. दांडा जाड घेऊन आणि त्याला जवळ जवळ आधार देऊन तें साधतें. मुंबईंतल्या उंच इमारतींत खिडक्यांना हल्लीं नायलॉनच्या वेष्टनाच्या बारीक उभ्या तारांच्या जाळ्या लावतात, त्या ह्याच जातीच्या. तेथें एक दक्षता हवी: वेष्टनाखालीं तार गंजत असली तरी दिसत नाहीं, म्हणून जेथें तार सांध्यांत शिरते तें टोंक वर्षांतून एकदां तरी नीट निरखावें. खारें पाणी त्या अरुंद सांध्यांत शिरून बसतें आणि तेथें प्राणवायु पोंचत नसल्यानें तो पापुद्रा पुन्हां धरत नाहीं. तार मधें कधीं तुटत नाहीं. जाते ती टोंकाशीं.

माझें मत विचाराल तर, लहान मुलें येतीं जातीं असलेल्या घरांत वरच्या मजल्याला आडव्या तारा लावूं नयेत. बागेंत खुशाल लावाव्या. उतारावरच्या बागेंत दोन फूट उंचीच्या गडग्यावर, फुलझाडांच्या वाफ्यापुढें, तळ्याकांठच्या पायवाटेला तारेचा कठडा फारच शोभतो. झाडांचा हिरवा रंग त्यांतून अडल्याशिवाय दिसतो. मात्र त्यावर वेल चढविण्याचा मोह टाळावा. मधुमालती दोन पावसाळ्यांत तारा झांकून टाकते, तिचें ओझें तारांना ओढतें, आणि पानांखालीं ओल कायम राहते. वेलासाठीं निराळ्या तारा, भिंतीपासून चार बोटें दूर, लवचिक जातीच्या घ्याव्या. त्यांना ताणाची फिकीर नसते.

वृद्धांसाठीं एक गोष्ट. तार ही धरावयाची वस्तु नाहीं. आमच्या वयाच्या माणसाचा तोल गेला कीं हात वरच्या दांड्यावर जातो. तेव्हां तो दांडा मुठींत मावेल असा, दीड ते दोन इंच व्यासाचा, गोल असावा. रुंद चपटी पट्टी दिसावयास देखणी, पण चहाचा पेला ठेवण्यापलीकडे तिचा उपयोग नाहीं, आणि पेला तरी तेथें कां ठेवावा?

निगा सोपी आहे. समुद्रकांठीं महिन्यांतून एकदां, वळचणीखालीं पंधरा दिवसांनीं, गोड्या पाण्यानें आणि साध्या साबणानें मऊ फडक्यानें तारा पुसाव्या. भांडीं घासावयाची तारेची घासणी लावूं नये; तिचे लोखंडी कण तारांत अडकून तेच गंजतात. फरशीचें अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर ह्यांचें नांव काढूं नये.

अक्काच्या घरीं शेवटीं असें झालें. गॅलरीच्या तारा काढल्या आणि तेथें ३१६ चे उभे गज, साडेतीन इंचांची मोकळी फट ठेवून, काँक्रीटच्या पट्ट्यांत बसविले. ज्या तारा चांगल्या उरल्या त्या खालीं बागेच्या कडेला, नव्या दणकट खांबांत ओढून लावल्या. खर्च दुप्पट झाला, आणि पहिल्या ठेकेदाराकडून त्यांतला एक रुपयाहि परत आला नाहीं. समुद्राचे तुकडे तुकडे झाले म्हणून भाऊजी आठवडाभर खिन्न होते. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं खुर्ची हातभर मागें घेतली म्हणजे गज डोळ्यांना लागत नाहींत. तेव्हांपासून ती खुर्ची तेथेंच आहे, आणि गॅलरीच्या दाराची कडी दिवसा उघडी असते.

मे महिन्याच्या सुट्टींत नातू पुन्हां आला. फुटलेल्या नारळाची गोष्ट त्यानें आजीकडून ऐकली होती. कोठींतून एक नारळ उचलून आणून तो गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक फटींत घालून पाहत गेला. एकींतूनहि तो जाईना, तेव्हां त्यानें तो नारळ आजीला फोडावयास दिला.